मेतकूट म्हणजे नक्की काय?

माझे सासरे दुबईला आमच्याकडे कायमचे राहायला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा डाळी जास्त होत्या. सासूबाई गेल्यानंतर सांगलीच्या घरात ते काही वर्षं एकटे राहिले आणि त्या काळात स्वयंपाक शिकले. नोकरी सगळी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, केमिस्ट म्हणून. त्यामुळे शिकण्याची तऱ्हाही तीच. आज डाळ मंद आचेवर भाजली, उद्या मोठ्या, आणि दोन्ही पिठं बशीत शेजारी शेजारी ठेवून चाखून बघायची. आमटी त्यांना बेताची जमायची, पोळ्या अजिबात नाहीत. मेतकूट मात्र असं करायचे की गरम भातावर तूप आणि मेतकूट घातलं की आमची लेक ताटावरून उठायची नाही. एरवी ती भाताला हात लावायची नाही.

आम्ही डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. इमारती बुटक्या, मधे झाडं आणि बाकं, संध्याकाळी सगळ्या देशांची म्हातारी माणसं तिथे येऊन बसतात. बाबांना तिथे भाषेची अडचण फारशी आली नाही. मोडकं हिंदी आणि दांडगी चौकशी एवढ्यावर त्यांचं भागायचं. मला त्यांची सर्वांत जास्त गंमत वाटायची ती सुपरमार्केटमध्ये. आम्ही दूध-भाजी घेऊन काउंटरशी पोचायचो आणि बाबा अजून कुठल्या तरी रॅकपाशी चष्मा कपाळावर सरकवून डब्याची मागची बाजू वाचत उभे असायचे. एकदा म्हणाले, "अगं, या बिस्किटात दूध पावडर आहे म्हणतात, पण ती मिठाच्याही नंतर लिहिलीय. म्हणजे असून असून किती असणार?"

लेक म्हणाली, "आजोबा, नोबडी रीड्स दॅट."

"मग लिहितात कशाला?" त्यांनी खरंच विचारलं.

डाळ भाजल्याचा वास मजल्यावर पसरायला लागला तशी शेजाऱ्यांनी चौकशी सुरू केली. आधी जॅमच्या रिकाम्या बाटल्यांतून मेतकूट वाटलं गेलं. मग गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी चाखलं, आणि आमच्या भागातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर मागणी सुरू झाली. फुकट घ्यायला लोकांना संकोच वाटतो, म्हणून आम्ही थोडे दिरहॅम घ्यायला लागलो. बाबांना त्या पैशांचं काही नव्हतं. कोणी दुसऱ्यांदा मागितलं की मात्र ते दिवसभर खुशीत असायचे.

या सगळ्याला वळण लागलं ते एका संध्याकाळी.

त्या दिवशी मी घरून काम करत होते. दुपारी समोरच्या रांगेतल्या इमारतीतली एक नाशिकची बाई बरणी न्यायला आली. दारातच तिने विचारलं, "काका, यात गहू नाही ना? माझ्या मुलीला अजिबात चालत नाही. मागे एकदा श्वास अडकला होता तिचा."

"नाही गं. काही घरांत घालतात, पण आमच्या मेतकुटात गहू नसतो," बाबा म्हणाले. ते खरंच होतं. ती निर्धास्त होऊन गेली.

संध्याकाळी ते आमटीला फोडणी देत होते. हिंगाची डबी हातात होती. रोजचीच म्हणून ती आजवर उलटून पाहिली नव्हती, पण हातात आलेली वस्तू वाचायची त्यांची सवय. मी टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. फोडणीचा आवाज एकदम थांबला म्हणून मान वर केली, तर त्यांनी गॅस बंद केला होता.

"अगं, हिंगात गहू आहे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, आणि सगळ्यात शेवटी हिंग. याच डबीतलं हिंग मेतकुटात गेलं होतं. मी त्या बाईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तोवर बाबा दार उघडून घरातल्या चपलांवरच बाहेर पडले होते. मी मागोमाग धावले.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. बाबा त्याला काही न बोलता ओलांडून आत गेले. मुलगी टेबलाशी बसली होती, पाच-सहा वर्षांची. समोर वाफाळता भात, त्यावर पिवळसर भुकटी, आणि तिची आई भात कालवून निवत ठेवत होती. बाबांनी आधी ताट उचललं, मग बरणी, आणि मग म्हणाले, "चुकलो मी. हिंगात गहू असतो. मला ठाऊक नव्हतं."

मुलीच्या तोंडात घास गेला नव्हता. तिची आई खुर्चीत बसली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "काका, मी रोज इतकी पाकिटं उलटून वाचते. तुमच्या बरणीवर वाचायला काहीच नव्हतं."

घरी आल्यावर बाबांनी माझ्याकडून ग्रुपवर मेसेज टाकून घेतला: मेतकुटात हिंगामधून गहू आहे, मोहरी आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी खाऊ नये. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या, इथे बरीच वर्षं काढलेल्या एका गृहस्थांचा मला वेगळा फोन आला. "वहिनी, राग मानू नका. पण घरून असं खाण्याचं विकायला इथे परवाना लागतो. आपल्याकडच्यासारखं नाहीये. तक्रार झाली तर दंड होतो."

मला वाटलं, विषय संपला. खलास. पण बाबा संध्याकाळी बागेतून फिरून आले आणि म्हणाले, "नियम काय आहे तो तरी कळू दे. करायचं की नाही ते मग ठरवू."

त्यांना धंदा करायचा नव्हता, नियम वाचायचा होता. तरी नियम वाचायला त्यांच्याबरोबर मलाच जावं लागलं. करामा भागातल्या एका टायपिंग सेंटरमधल्या, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या मुलाने सांगितलं की, भाड्याच्या फ्लॅटमधून करायचं तर आधी इमारतीची परवानगी आणा. आमच्या इमारतीच्या ऑफिसने नकार दिला. भाजण्याच्या वासाबद्दल आधीच कोणीतरी बोललं होतं म्हणे. बाबांनी तिथल्या माणसाला विचारलं, "वास चांगला की वाईट?" तो म्हणाला, "सर, चांगला. पण वास म्हणजे वास."

मग कोणीतरी शारजातल्या काकूंचं नाव सुचवलं. या काकू मूळच्या पुण्याच्या. त्यांचं शारजाच्या एका औद्योगिक भागात चकली-चिवड्याचं मोठं किचन आहे, सगळ्या परवान्यांसकट. आम्ही एका शनिवारी सकाळी गेलो, कारण बाकीच्या दिवशी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये कोणी आपण होऊन जात नाही. काकूंनी मेतकूट तळहातावर घेऊन चाटलं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "माझ्या किचनमध्ये करा. शनिवारी सकाळी भट्टी मोकळीच असते. पण काका, आधी लेबल. ते मंजूर झाल्याशिवाय एक बरणी बाहेर जायची नाही."

त्यांनी चिवड्याच्या पाकिटाचं लेबल सपाट करून टेबलावर ठेवलं आणि बोटाने एकेक ओळ दाखवली. पदार्थाचं नाव. पदार्थ काय आहे त्याचं वर्णन. घटक, वजनाने जास्त ते आधी. कोणाकोणाला त्रास होऊ शकतो असे घटक. निव्वळ वजन. केल्याची तारीख, संपण्याची तारीख. कसं ठेवायचं. कुठे तयार झालं. आणि हे सगळं अरबीतसुद्धा. मला वाटलं बाबा कंटाळतील. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"वजन भाजण्याआधीचं की नंतरचं?" त्यांनी विचारलं. "भाजल्यावर डाळ हलकी होते."

काकू हसल्या. "मला आजवर कोणी हे विचारलं नाही. घालतानाचं धरा."

त्यानंतरचा महिना आमच्या घरात फक्त एक प्रश्न होता, मेतकूट म्हणजे नक्की काय. मी एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांचं काम करते. कंटेनरमधल्या मालाचं कस्टम्ससाठी वर्णन करायचं, त्याला योग्य वर्गात बसवायचं, हे माझं रोजचं काम. रबराचे वॉशर, लाकडी हँगर, गोठवलेले मटार, सगळं मी कुठे ना कुठे बसवते. मेतकूट मला बसवता येईना. मसाला म्हणावं तर त्यात निम्म्याहून जास्त डाळ-तांदूळ. पीठ म्हणावं तर ते कच्चंच खातात, म्हणजे आणखी शिजवत नाहीत. चटणी म्हणावं तर तिखट नाही.

"मेतकूट आजारी माणसाला देतात," नवरा म्हणाला. तो आठवडाभर अबू धाबीला असतो, शुक्रवारी येतो आणि मत देतो. "औषध लिहा."

"औषध लिहिलं तर परवानगीचं सरकारी खातंच वेगळं," मी म्हटलं.

लेक म्हणाली, "इट्स बेसिकली प्रोटीन पावडर." त्यावर बाबांनी गंभीरपणे विचार केला. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ. तिचं काही चूक नव्हतं.

अरबी मजकुरासाठी काकूंनी करामातल्या एका अनुवादाच्या ऑफिसचा पत्ता दिला. तिथे काम करणारी बाई चाळिशीची असेल. डोक्यावर करडा स्कार्फ, टेबलावर कागदांचे गठ्ठे, आणि हिंदी फाडफाड. ती जन्मापासून शारजात वाढलेली, तिचं हिंदी शाळेच्या गल्लीतलं होतं. बाबांना ती पहिल्याच वाक्यात "अम्मो" म्हणाली. अम्मो म्हणजे काका, हे कळेपर्यंत बाबांना वाटत होतं की ती त्यांना अम्मा म्हणतेय. इथे पद्धत असेल म्हणून ते गप्प बसले होते.

ती यादी खाली खाली वाचत अरबीत लिहीत गेली आणि बाबा प्रत्येक शब्द तिच्याकडून म्हणवून घेत राहिले. जिरं म्हणजे कम्मून. हळद म्हणजे कुर्कुम. मेथी हिल्बा. मोहरी खर्दल. हिंग हिल्तीत. हरभऱ्याच्या डाळीला तिने हुम्मुस लिहिलं, तेव्हा बाबा म्हणाले, "हुम्मुस म्हणजे ती पांढरी चटणी ना, रोटीबरोबर देतात ती?"

"नाही अम्मो. हुम्मुस म्हणजे हरभराच. चटणीला नाव त्याचं मिळालं."

बाबांना याचा इतका आनंद झाला की त्यांनी माझ्याकडे वळून तेच पुन्हा मराठीत सांगितलं, जणू मला हिंदी कळत नव्हतं.

मग ती वर्णनाच्या ओळीवर आली आणि थांबली. "हे आहे काय पण? मसाला लिहू? लहान मुलांचं खाणं लिहू नका, त्याचे नियम फार वेगळे. सूपची पावडर?"

"खाऊन बघ," बाबा म्हणाले. हा प्रश्न कुठे ना कुठे येणार हे ओळखून त्यांनी छोट्या डब्यातून तूपभात आणला होता. मला फार अवघडल्यासारखं झालं. मागे दोन माणसं रांगेत उभी होती. पण तिने डबा घेतला, चमच्याने मेतकूट कालवलं आणि एक घास खाल्ला. मग दुसरा. मग तिने फोन उचलला आणि कोणाशी तरी अरबीत बोलायला लागली. बोलता बोलता तिसरा घास.

"फोनवर आई होती," फोन ठेवून ती म्हणाली. "आम्ही मूळचे गाझाचे. आमच्याकडे असंच असतं. दुक्का. गहू भाजायचा, मसूर भाजायची, जिरं, धने, शेपाचं बी, थोडी मिरची. सगळं दळायचं. ब्रेड तेलात बुडवायचा आणि मग त्यात. मी आईला विचारलं, हिंदुस्तानात दुक्का कसा पोचला? आई म्हणाली, आपल्याकडे तिथून आला नसेल कशावरून?"

रांगेतल्या माणसांपैकी एक पुढे वाकून डब्यात बघायला लागला होता. बाबांनी त्यालाही चमचा दिला.

तिने शेवटी लिहिलं: भाजलेल्या डाळी व तांदळाचं मसाला घातलेलं पीठ, खाण्यास तयार. मी ते वाचलं आणि मला माझी थोडी लाज वाटली, थोडं हसूही आलं. इतकं साधं होतं. ऑफिसात मी असंच तर लिहिते, आपल्या घरातल्या वस्तूबद्दल तसं सुचलं नव्हतं.

पुढच्या भेटीत तिने आईच्या दुक्क्याची बरणी आणली. बाबांनी तो आधी तिच्या सांगण्याप्रमाणे ऑलिव्ह तेल आणि ब्रेडबरोबर खाल्ला, मग घरी येऊन भातावर. खूप वेळ ते शेपाच्या बियांवर अडले होते. आपल्याकडचा बाळंतशेपाच तो. मेतकुटात घातला तर? त्यांनी एक छोटा घाणा केला. घरात असा वास सुटला की नवऱ्याने आत पाऊल टाकताच विचारलं, "कोण बाळंत झालंय?" चव वाईट नव्हती, पण डोळे मिटून खाल्लं की आपण बाळंतिणीच्या खोलीत बसलोय असं वाटायचं. बाबांनी तो घाणा एकट्यानेच संपवला. टाकला नाही, आणि पुन्हा केलाही नाही.

तारखेचा प्रश्न सगळ्यात लांबला. मेतकूट किती टिकतं? आमच्याकडे याचं उत्तर "संपेपर्यंत" असं होतं. बाबांनी एकाच घाण्याच्या तीन बरण्या भरल्या. एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावरच्या कपाटात, एक बाल्कनीत. बाल्कनी म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. ठरावीक दिवसांनी ते तिन्हींतलं चिमूटभर चाखायचे आणि लेकीलाही बोलवायचे, कारण त्यांच्या मते लहान मुलांची जीभ जास्त खरं बोलते. बाल्कनीतली बरणी सगळ्यात आधी गेली. आधी वास उतरला, मग जिभेवर जुनं तेल लागल्यासारखं व्हायला लागलं. बाबांना त्याचं दुःख वगैरे झालं नाही, उलट त्यांनी मला बोलावून दाखवलं. "बघ, हे मेलं. कसं मरतं ते आजवर कधी पाहिलं नव्हतं. आपण त्याच्या आधीच खाऊन टाकायचो."

काकूंनी नमुना नेहमीच्या लॅबमध्ये दिला. तिथून आलेली मुदत बाबांच्या कपाटातल्या बरणीच्या आसपासच निघाली, त्या दिवशी त्यांनी कपाटातली बरणी बागेत नेऊन बाकावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवली.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. बाबांनी त्या नाशिकच्या मुलीसाठी म्हणून हिंग बदललं होतं. तांदळाच्या पिठातलं हिंग शोधायला आम्ही करामातली निम्मी दुकानं फिरलो होतो. आता आपल्या लेबलवर गहू नाही, असं ते मोठ्या समाधानाने म्हणायचे. लेबलचा मसुदा बघून काकू म्हणाल्या, "काका, माझ्याकडे शंकरपाळी होतात. मैदा उडतो सगळीकडे. इथे गहू हाताळला जातो, हे लिहावंच लागेल."

बाबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे जिच्यासाठी हे सगळं केलं, तिला ते चालणार नाही."

"तिला ते कळेल," काकू म्हणाल्या. "लेबल त्याचसाठी असतं."

घरी परतताना शारजाच्या हद्दीवर नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या होत्या. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "बाबा, सोडून देऊ या का?"

"नाही गं. लिहायचं ते खरं लिहायचं. तिचं मी घरी करीन, विकायचं नाही त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. वेगळी कढई आणू." त्यांनी खरंच वेगळी कढई आणली, मिक्सरचं भांडंही वेगळं. त्या मुलीच्या बरणीवर ते हाताने लेबल लिहितात, घटकांपासून तारखेपर्यंत सगळं. तिच्या आईने पहिली बरणी हातात घेतली तेव्हा उभ्या उभ्या पूर्ण वाचली, हिंग कोणत्या पिठातलं तेही विचारलं, मग हसली आणि आत नेली.

मंजुरीसाठी पाठवलेलं लेबल एकदा परत आलं. मेतकूट हे नाव अरबीत लिहिल्यावर त्यावरून काही बोध होत नाही, वर्णन मोठ्या अक्षरात हवं, असा शेरा होता. अनुवादाच्या ऑफिसातल्या त्या बाईने अक्षरं मोठी केली आणि म्हणाली, "इन्शाल्ला, आता होईल." झालं. 'कुठे तयार झालं' या ओळीत संयुक्त अरब अमिराती असं छापून आलं. ती ओळ बाबांनी दोनदा वाचली. मला विचारलं, "हे बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "बरोबर आहे. तुम्ही इथे केलंय."

पहिला घाणा ज्या शनिवारी होता त्या दिवशी अनुवादाच्या ऑफिसातली बाई आपल्या आईला घेऊन किचनवर आली. आई सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, पण आत आल्या आल्या तिने कढईकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली.

"आई म्हणते आच मोठी आहे," मुलीने सांगितलं.

बाबा म्हणाले, "त्यांना सांग, हरभऱ्याच्या डाळीला एवढी लागते. तांदळाला कमी करीन."

म्हातारीने ते ऐकून घेतलं आणि पटलं नाही असं तोंड केलं. पण डाळीचा रंग बदलला तेव्हा उठून जवळ आली, दोन दाणे उचलून दातांखाली फोडले आणि मान हलवली. मग तिने मुलीच्या तोंडून सांगितलं की त्यांच्या गल्लीच्या टोकाला गिरणी होती, दुक्का दळायचा दिवस ठरलेला असे, आणि गिरणीवाला आधीच्या बाईच्या मिरचीचं पीठ झाडल्याशिवाय पुढचं घेत नसे. बाबांनी विचारलं, "झाडायचा कशाने? पोत्याने की केरसुणीने?" त्यावर दोघी मायलेकी आपसात बऱ्याच बोलल्या. पोत्याने, असं ठरलं.

लेबलं आम्ही सगळ्यांनी मिळून चिकटवली. लेकीची सरळ, बाबांची तिरकी. काकूंनी तिरक्या लेबलांच्या बरण्या बाजूला काढून आपल्या घरी नेल्या.

करामातल्या एका किराणा दुकानदाराने बरण्या ठेवून घेतल्या. लोणची आणि सातूच्या पिठाच्या मधे. बाबा मेट्रोने जाऊन त्या रॅकसमोर गिऱ्हाईक असल्यासारखे उभे राहायचे. मराठी माणसं नाव वाचून लगेच उचलायची, ती त्यांना फारशी महत्त्वाची वाटायची नाहीत. जे बरणी उलटी करून वाचायचे, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष. घरी येऊन सांगायचे: एक बिहारी मुलगा होता, सातू सोडून आपलं घेतलं. एका बाईने मोहरी वाचून परत ठेवलं, बरं झालं.

एका शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून त्यांना न्यायला गेले, तर ते एका उंच सुदानी माणसाशी बोलत होते. त्याने अरबी मजकूर वाचला होता आणि बाबांना साधं गिऱ्हाईक समजून विचारत होता, "हबीबी, ये किस के साथ खाते हैं?" बाबांनी भात, तूप, दही, ताक, पातळ पोहे असं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मैं फूल के साथ खाऊंगा," आणि बरणी घेऊन गेला. बाबा त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"फूल म्हणजे?" त्यांनी मला विचारलं.

"इथले मोठे घेवड्याचे दाणे असतात ना, सकाळी शिजवून खातात. डब्यातही मिळतात."

आम्ही तिथूनच एक डबा घेतला. त्यावर काय काय लिहिलंय ते बाबांनी मेट्रोत सगळं वाचून काढलं. रात्रीच्या जेवणाला फूल गरम केलं, वर मेतकूट घातलं, आणि चौघांनी खाल्लं. लेक म्हणाली, "नॉट बॅड." नवऱ्याने पुन्हा घेतलं. बाबांनी एक घास खाल्ला, थांबले, अर्धं लिंबू पिळलं, पुन्हा खाल्लं.

"लिंबू हवंच," ते म्हणाले. "त्या माणसाने घातलं असेल का?"